बरणीतल्या पाण्याची नोंद

५ ऑक्टोबर, रविवार

झाकण डाव्या हातात धरून मी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याची बाटली तिरकी केली आणि धार काचेला लावून सोडली. अशी सोडली की बुडबुडे होत नाहीत, हे तूच दाखवलं होतंस. पाणी लाल खुणेला टेकलं तेव्हा थांबलो. अर्धा कप बसलं. झाकण लावलं, खालून बोट फिरवून बरणी कोरडी आहे ना ते पाहिलं, आणि हे पान घेतलं.

कागद कारखान्याचाच आहे. बॉयलरवरून निवृत्त होताना दोन कोरी लॉगबुकं घेऊन आलो होतो. वेळ, पातळी, दाब, तापमान आणि शेवटी 'शेरा' असा रुंद रकाना. पत्र शेऱ्यात मावत नाही, म्हणून पान आडवं धरून लिहितो.

आज सकाळी आठला एकसष्ट अंश. तुला आकडा पाठवला, तू अंगठा पाठवलास. दोन वर्षं मी आकडा पाठवतो आणि तू अंगठा पाठवतेस. सगळ्या घराण्यात जास्त शिकलेली मुलगी, आणि अंगठेबहाद्दर. हा विनोद मागच्या पत्रातही केला होता का? केला असेल. इथे मला थांबवायला कोणी नाही.

तुझ्या गणिताचा आज सोळावा दिवस. पुरात नदीच्या तळाची वाळू कुठून कुठे जाते, ते मशीन रात्रंदिवस मोजत बसलंय. "इथल्या संगणकांना रांग आहे. घरचं मशीन लावते. चाळीस दिवस लागतील. मधे बंद करू नका." दोन वर्षांत तुझ्याकडून आलेला सगळ्यात लांब निरोप. त्यातलं शेवटचं वाक्य मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून बटणाच्या वर चिकटवलंय. जणू या घरात ते बटण दाबणारं दुसरं कोणी आहे.

बाकी सगळं ठीक आहे. बरणीतला माशांच्या टाकीचा पंप चालतो. मशीनच्या डोक्यावर आपण दोघांनी कानस मारून बसवलेला तांब्याचा ठोकळा गरम होतो, पाणी ती उष्णता घेऊन चौकटीतल्या भोकातून खिडकीबाहेर जातं, भंगारातल्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत निवतं आणि परत येतं. चौकटीला भोक पाडताना तुझी आई म्हणाली होती, "घर गरम होतं म्हणून भिंती फोडणारे बापलेक मी पहिल्यांदाच बघतेय." आठवतं का?

पंखा मंद चालला की मला कळतं, मशीनला उसंत आहे. जोरात चालला की तू काहीतरी नवीन सांगितलं असणार. मी स्वयंपाकघरातून ऐकतो.

काळजी करण्यासारखं काही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज पूर्ण पेला बसला. मागच्या रविवारी अर्धा कप, आज पेला.

ऊन वाढलंय. काचेच्या बरणीला झाकण असलं तरी ते काही कुकरचं झाकण नव्हे, वाफ जाणारच. मी पस्तीस वर्षं बॉयलरला पाणी पाजलं. पातळी खाली दिसली की आधी पाणी सोडायचं, कारण मागाहून. हे हाताला इतकं बसलंय की रविवारी उठल्यावर चहाच्या आधी बाटली हातात येते.

एक सांगायचं राहिलं. बरणीभोवती तू काळा कागद गुंडाळला होतास, तो मी उन्हाळ्यातच काढला. पातळी दिसत नाही अशा भांड्याशेजारी मला झोप लागत नाही. कारखान्यात पाण्याची पातळी दाखवणारी काच, गेज ग्लास, पुसणं हे पाळीवर आल्यावरचं पहिलं काम. तू कागद कशाला लावलास ते मी विचारलं नाही. शोभेला असेल असं वाटलं.

पाणी आता किंचित हिरवट दिसतं. छान दिसतं, खरं तर.

तुला परीक्षेच्या त्या दिवसांचा राग आहे, आणि तो असणारच. एकोणीस दिवस तू रोज फोन करत होतीस, मी रोज "आई बरी आहे, झोपली आहे" म्हणत होतो, आणि विसाव्या दिवशी तू आलीस तेव्हा दवाखान्यातली खाट दुसऱ्या कोणाला दिलेली होती. पण मी तुला तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो: तुझ्या आईचीच तशी इच्छा होती. पोरीची परीक्षा होऊ द्या, म्हणाली. मी तिचं ऐकलं.

तापमान त्रेसष्ट.

१५ ऑक्टोबर, बुधवार

खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई आल्या होत्या. कोर्टात पंचवीस वर्षं टाइप करून निवृत्त झालेल्या, बोलतातही तशाच, शब्दागणिक ठोका. दार उघडल्या उघडल्या उशीचा अभ्रा माझ्या तोंडासमोर धरला.

"हे काय आहे?"

"अभ्रा."

"ते मला दिसतंय. हे डाग?"

पाच-सहा निळसर हिरवे ठिपके होते. कडेला गडद, मधे फिकट.

"पाऊस असेल," मी म्हणालो.

"हिरवा पाऊस? आणि तो फक्त माझ्या दोरीवर? बाजूच्यांच्या चादरी पांढऱ्या शुभ्र आहेत. उशी आहे हो ती, नकाशा नाही."

मी म्हणालो, बघतो. त्या म्हणाल्या, "बघू नका, दुरुस्त करा." जाताना पायरीवर थांबल्या. "तुमच्या मुलीचं ते यंत्र आहे ना? तिला विचारा."

"तिला कशाला उगाच त्रास?"

त्या अभ्र्याची घडी करत खाली गेल्या.

मग खिडकीतून अंग बाहेर काढून पाहिलं. जाळीच्या डाव्या तोंडाला नळी जिथे चढवली आहे, तिथे क्लिपेखाली एक थेंब लोंबत होता. मी मोजत राहिलो. चाळीस सेकंदांनी सुटला. लगेच दुसरा धरू लागला.

पाणी बंद वाटेने फिरतं. ते कुठेच जात नाही. बॉयलरमधून वाफ जाते, म्हणून बॉयलरला पाणी लागतं. याला लागायलाच नको होतं. मी दर रविवारी पातळी खुणेवर आणत होतो, म्हणून मला गळती दिसली नाही. मी भरलं नसतं तर मे महिन्यातच कळलं असतं.

मे म्हणतो कारण मे महिन्यात ती क्लिप मीच आवळली होती. तेव्हाही थोडं ओलं दिसलं होतं. गळलं की आवळायचं. स्क्रूड्रायव्हर बसेना इतकी आवळली. पत्र्याची कड नळीत रुतली असणार.

डबा बांधला आहे खाली. आता अभ्र्यावर पडणार नाही.

हे पत्र तुला पोचायला तीन आठवडे लागतात. तोवर तुझं गणित पुरं झालेलं असेल. म्हणजे मी तुला कळवलं, आणि तुझं काही अडलंही नाही. हा हिशेब मी दुपारभर करत होतो. बरोबर येतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

डबा दिवसातून दोनदा रिकामा करतो. तेच पाणी बरणीत परत ओतत नाही, तेवढी अक्कल आहे. बॅटरीचं पाणी संपलं आणि बॅटरीवाल्याचं दुकान चार दिवस बंद होतं, तेव्हा नळाचं घातलं. उकळून घातलं. पण नळाचंच.

आज सकाळी एकोणऐंशी अंश होते. तुला एकसष्ट कळवले.

काल शहात्तर होते, काल बासष्ट कळवले. शनिवारपासून मी खोटे आकडे पाठवतोय. रोज एकसष्टच लिहीत नाही, कधी बासष्ट, कधी साठ, म्हणजे खरे वाटतात. माझ्या पाळीत एक जण होता, तो दर तासाला गेज न बघता मागच्या तासाचा आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहायचा. तो पकडला गेला तेव्हा साहेबांना मीच म्हणालो होतो, याला घरी पाठवा, हा माणसं मारेल. पाठवलं त्याला घरी. त्याची बायको मला भाजीबाजारात भेटायची आणि तोंड फिरवायची.

पंखा आता थांबतच नाही. पूर्वी मला त्याच्या आवाजावरून तुझा अंदाज यायचा. आता नुसता पंखा ऐकू येतो.

बरणीच्या तळाशी मऊ काहीतरी जमलंय. शेवाळ. उजेड लागला की पाण्यात धरतं ते. काळा कागद त्यासाठी होता, हे मला काल कळलं. बासष्ट वर्षांच्या माणसाला.

बत्तिसावा दिवस आहे तुझा. आठ राहिले.

टायपिस्टबाई जिन्यात भेटल्या. हातात दुधाची पिशवी. म्हणाल्या, "डबा बांधलात. छान. मुलीला सांगितलंत?"

"तिचं महत्त्वाचं काम चाललंय. संपलं की सांगणार आहे."

"तुमच्या बाईंच्या आजारातही तुम्ही असंच बोलत होता. इथेच, या पायरीवर उभे राहून फोनवर. 'झोपली आहे' म्हणालात. मी भाजी घेऊन वर येत होते. बाई झोपलेल्या नव्हत्या हो. मी तासभर आधीच दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून आले होते. त्या दाराकडे बघत होत्या."

मी बाजूला सरलो, त्यांना जायला वाट दिली. त्या गेल्या नाहीत.

"मी तेव्हा गप्प बसले," म्हणाल्या. "माझं काय जातंय, असं म्हटलं. आता माझे अभ्रे जातायत, म्हणून बोलते."

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहितो, कारण फोनवर काय बोललो ते मला आता नीट आठवत नाही, आणि लिहिल्याशिवाय मला एखादी गोष्ट झाली असं वाटत नाही.

आठ वाजता सत्त्याऐंशी अंश होते. मी मोबाइलवर एकसष्ट टाइप केलं. मग पुसलं. "८७. गळतंय. पंधरा तारखेपासून." एवढं लिहून पाठवलं आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. दोन मिनिटांत वाजला. इतक्या दिवसांनी तो वाजला की आधी मला कळलंच नाही, हा आवाज कुठला.

"बंद करा."

"काय?"

"मशीन. आत्ता. बटण दाबून धरा."

"तुझे चारच दिवस राहिलेत गं."

"बाबा, दाबा!"

मी पुठ्ठा वर करून बटण दाबलं. पंखा थांबला. तुला तिकडे ऐकू आला असेल तो थांबलेला.

मग तू विचारलंस, पाणी कुठे कुठे गेलं, आत बोर्डावर एक तरी थेंब आहे का, टॉर्च घेऊन नीट बघा. मी बघितलं. नव्हता. तू मोठा श्वास सोडलास.

"दहा दिवस तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि ते आकडे?"

"खोटे होते."

मी म्हणालो, "तूच म्हणाली होतीस मधे बंद करू नका. छत्तीस दिवसांचं काम वाया गेलं असतं."

"काही वाया गेलं नसतं. ते दर सहा तासांनी जिथवर आलंय तिथवर आपोआप साठवून ठेवतं. कधीही बंद केलं तरी फार तर सहा तास जातात. बंद करू नका म्हणजे उगाच धूळ पुसायला बंद करू नका, एवढंच होतं."

"मला माहीत नव्हतं."

"विचारायचं होतंत."

सहा तास. मी सहा तासांसाठी दहा दिवस डबा रिकामा करत होतो.

नंतर तू कामाचं सांगितलंस आणि मी लिहून घेतलं. मला वाटलं होतं तू फोन ठेवशील, पण तू एकेक पायरी दोनदा सांगितलीस. मी विचारलं, माझी पत्रं येतात का. तू म्हणालीस, "येतात. काही उघडलीत. काही नुसती ठेवलीत." कुठली उघडलीस ते विचारलं नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पाणी बादलीत सोडलं, ते पातळ आमटीसारखं निघालं. ठोकळ्याचे चार स्क्रू काढले. आत आपण करवतीने पाडलेल्या बारीक खाचा होत्या ना, त्यातली एकही दिसत नव्हती. वर हिरवी साय. दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली, मग गरम पाणी आणि व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवला. तांबं गुलाबी निघालं. जाळी न्हाणीघरात नेऊन आत व्हिनेगर भरलं, दोन्ही तोंडं अंगठ्यांनी दाबून धरली आणि हलवली. अकरा वेळा धुतल्यावर पांढऱ्या ताटात कण पडायचे थांबले. नळ्या जुन्या टाकल्या, तू पाठवून ठेवलेल्या नव्या माळ्यावर होत्या. रुतलेली क्लिप काढली तेव्हा नळीचा तुकडा तिच्याबरोबरच निघाला. नव्या क्लिपा बोटांनी बसवल्या आणि स्क्रूड्रायव्हरचा एकच वेढा दिला. हात पुढे जात होता, थांबवला.

बॅटरीवाल्याकडून पाच लिटर पाणी आणलं. तो म्हणाला, "काका, ट्रक घेतलात की काय?"

२६ ऑक्टोबर, रविवार

आज पाणी घातलेलं नाही. बरणीला काळा कागद आहे.

सकाळी सहा चाळीसला नुसता पंप लावला. मशीन बंद. सात जोडांखाली सात पांढरे कागद ठेवलेत, हात पुसायचे असतात तसले. चोवीस तास ते कोरडे राहिले तर उद्या मशीन लावायचं, असं तू सांगितलंस. दर तासाला बघतोय. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, कोरडे आहेत.

आज पाठवायला आकडा नाही. सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बसलो होतो. पंप फार बारीक आवाज करतो. पंखा नसला की हे घर किती मोठं आहे ते कळतं. टायपिस्टबाईंच्या खोलीतल्या घड्याळाचे ठोकेही वर येतात, हे मला माहीत नव्हतं.

काल तू माझ्याशी सत्तेचाळीस मिनिटं बोललीस. जाळी, क्लिपा, व्हिनेगर, एवढंच बोललीस, पण बोललीस. मधे एकदा हसलीस, मी बादली आणताना न्हाणीघरात घसरलो तेव्हा. हे मी आता घालवणार आहे, असं मला वाटतं. तरी लिहितो.

तुला कळवू नका असं तुझी आई कधीही म्हणाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तिला कळवलंत का?" मी हो म्हणालो. "मग?" "परीक्षा झाली की येते." ती म्हणाली, "परीक्षा काय पळून जातेय का?" दुसऱ्या दिवशी परत विचारलं. रोज विचारायची. मी रोज काहीतरी सांगायचो. तिकीट मिळत नाही. उद्या मिळेल. नवव्या दिवशी मी म्हणालो, ती निघाली आहे.

तिने माझ्याकडे कंगवा मागितला. हात वर जात नव्हता, म्हणून मीच केस विंचरले. नीट जमले नाहीत. ती म्हणाली, "भांग सरळ पाडा, ती हसेल नाहीतर." त्यानंतर रोज सकाळी विंचरून घ्यायची. तू येशील म्हणून. सतराव्या दिवशी मी कंगवा काढला तर म्हणाली, "राहू द्या. तिला कामं असतील." रागावून नाही म्हणाली. तिला वाटलं, तुला कळलंय आणि तू येत नाहीस. मी ते तिला वाटू दिलं.

आणि संध्याकाळी पायरीवर उभा राहून तुला सांगितलं, झोपली आहे.

का, ते मला धड सांगता येत नाही. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी होतं. या वयाच्या माणसाने कागदावर लिहावं असं हे कारण नाही. आधी एक दिवस लपवलं, मग त्या एका दिवसासाठी दुसरा लपवला. आणि सगळं झाल्यावर तू दारात उभी राहून विचारलंस, "मला का नाही कळवलंत?" तेव्हा तिचं नाव पुढे केलं. ती काही म्हणायला येणार नव्हती.

तू दोन वर्षं माझ्यावर रागावली आहेस. मनात कुठेतरी थोडी तिच्यावरही रागावली असशील, तिनेच तुला लांब ठेवलं म्हणून. तो राग तिचा नाही. तो माझ्याकडे पाठव.

पाच वाजले. सातही कागद कोरडे.

२७ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

पाकिटात घालण्याआधी खाली नोंद करतो.

सहा चाळीसला चोवीस तास झाले. कागद कोरडे. सहा पन्नासला तुझा फोन आला. तू विचारलंस, मी सांगितलं. तू म्हणालीस, "मग लावा मशीन." मी म्हणालो, "थांब, आधी एक वाचून दाखवायचं आहे." आईबद्दलचं कालचं सगळं वाचलं.

मग तू म्हणालीस, "कंगव्याचं परत वाचा."

परत वाचलं. तू फोन ठेवलास.

सात वीसला मशीन लावलं. गणित छत्तिसाव्या दिवसापासून पुढे सुरू झालं. पोस्ट साडेनऊला उघडतं.